प्लास्टरच्या आधीचा दिवस

सकाळी साडेसहा

अहिल्यानगरहून पुणे रस्त्याला लागलो. गाडीत लेझर, टेप, वायरची भेंडोळी, पुठ्ठ्याचे साचे आणि नमुन्याला भिंतीतल्या स्पीकरच्या दोन जोड्या. रात्री गवंड्याचा फोन आला होता, "उद्या दिवसभर घर तुमचं. परवा सकाळी आम्ही माल कालवणार. मग पुन्हा झिरी मारायला सांगू नका."

त्याचं म्हणणं रास्त आहे. घर नव्याने करताना फरशी, किचन ओटा, टीव्हीचं युनिट यांवर महिनोन् महिने चर्चा होते आणि आवाजाचा विषय रंगाच्या वेळी निघतो. टेबलावर ठेवायचा स्पीकर तेव्हा आणला तरी चालतो. भिंतीत बसणाऱ्याला मात्र जागा, पोकळी आणि वायर तिन्ही आधी लागतात. म्हणून माझ्या कामात प्लास्टरच्या आधीचा हा एक दिवस सगळ्यात महत्त्वाचा.

सुप्याला वळलो. डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरत होत्या, एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीच्या बस कंपन्यांकडे निघाल्या होत्या.

पावणेआठ

पारनेर. सेनापती बापटांचं हे गाव. काळ्या दगडातली जुनी घरं इथे अजून बऱ्यापैकी टिकून आहेत. आजचं घरही त्यातलंच. पुढचा भाग जुना, मागची भर विटांची. वरचं पांढऱ्या मातीचं धाबं उतरवून, कोपऱ्यांत नवे कॉलम घेऊन स्लॅब टाकला आहे. जुन्या माजघराची आता सिनेमाची खोली होणार: लांबी १८ फूट, रुंदी १२, उंची १०.

समोरची भिंत दोन फुटांची. आत-बाहेर घडीव दगड आणि मधल्या पोटात माती नि कपच्या. अशा भिंतीतला एक दगड काढला तर शेजारचे सैल होतात, पोटातली माती ओघळते. घरातले नाना दारातच म्हणाले, "हा दगड आमच्या आज्यानं घडवून घेतलाय. बाकी काय करायचं ते करा, याला भोक पाडू नका." पाडणार नव्हतोच. पण त्यांनी ते आधी सांगितलं हे बरं झालं, कारण पुढचं सगळं त्यावरूनच ठरलं.

साडेआठ

चहा घेत सगळे बसले. मुलगा सुप्याच्या कंपनीत, तो पाळीला गेलेला. सूनबाईंनी घरची बाजू नेमकी मांडली. दोन लहान मुलं आहेत, जमिनीवर उभा स्पीकर आठवड्यात आडवा होईल. धूळ भरपूर. म्हणून सगळं भिंतीत हवं. मोबाइलवरचे फोटोही त्यांनी दाखवले: गुळगुळीत पांढरी भिंत, तिच्यात चार-पाच जाळ्या, बाकी काही नाही.

त्या फोटोतली भिंत आपली नाही, हे मला इथे सांगावं लागतं. भिंतीत बसणारे स्पीकर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आले. तिथलं घर लाकडी सांगाड्याचं. दर १६ इंचांवर एक उभी पट्टी, दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड आणि मधे साडेतीन इंचांची पोकळी. स्पीकरची खोली, त्याचे पकडीचे कान, कापायच्या भोकाचं माप, सगळं त्या पोकळीसाठी बेतलेलं आहे. आपल्याकडे भिंत भरीव असते. चार इंची असो, नऊ इंची असो की दगडाची. भरीव भिंतीत खड्डा खणून स्पीकर कोंबला तर त्याच्या मागे हवा उरत नाही. बासचा पडदा मागेपुढे हलायला जी मोकळी हवा लागते ती नसली की आवाज कोरडा आणि दबलेला येतो. म्हणजे आधी पोकळ भिंत उभी करायची आणि मग तिच्यात स्पीकर बसवायचा.

"मग भिंतीतले नकोत का?" सूनबाईंनी विचारलं.

"हवेत. पण सगळ्या भिंतींत नकोत."

साडेनऊ

रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. उघड्या दगड-विटांत ती बराच वेळ घुमत राहिली. सोफा, पडदे, जाजम आल्यावर हे पुष्कळ कमी होईल.

बासचं गणित मात्र पडद्यांनी सुटत नाही, ते खोलीच्या मापात असतं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी बसते, तो तिथे फुगतो. १८ फुटांत तो साधारण ३१ हर्ट्झ, १२ फुटांत ४७, १० फुटांत ५६. तिन्ही एकमेकांपासून दूर आहेत, ही या खोलीची चांगली बाजू. लांबी-रुंदी-उंची सारखी असलेल्या चौकोनी खोलीत तिन्ही एकाच ठिकाणी येतात आणि एखादाच स्वर ढोलासारखा कानात बसतो. तशी खोली असेल तर मी आधी दुसरी खोली सुचवतो.

मग भिंती एकेक पाहिल्या. लांबीची डावी भिंत विटांची, जाडी साडेचार इंच आणि पलीकडे आजींची खोली. त्यांची खाट अगदी भिंतीला लागून. भिंतीतला स्पीकर पुढे जितका हलतो तितकाच मागेही. मागचा आवाज बंद पेटीत अडवला नाही, तर भिंतच पेटी होते आणि पलीकडची खोलीही वाजू लागते. त्या भिंतीवर मी खडूने फुली मारली.

राहिली समोरची दगडी भिंत. पलीकडे अंगण, झोपणारं कोणी नाही. तिच्यापुढे स्वतंत्र सांगाडा उभारायचा आणि डावा, उजवा, मधला असे तिन्ही मुख्य स्पीकर त्यात घ्यायचे. माझं मत स्पष्ट आहे: पैसा आणि भिंत या तिघांवर खर्च करावी. संवाद मधल्यातून येतात, गाणी बाजूच्या दोघांतून. मागचे-बाजूचे स्पीकर हे वातावरण भरायला असतात, ते छोटे, खुंटीला टांगलेले असले तरी काही बिघडत नाही.

अकरा

जिप्सम बोर्डवाला मोटारसायकलवरून आला. तो पीओपीचं छत आणि दुकानांची पार्टिशनं करतो, स्पीकरसाठी भिंत त्याने केलेली नाही. त्यामुळे त्याच्यासोबत बराच वेळ बसलो. पत्र्याचे उभे चॅनेल तो एरवी २४ इंचांवर घेतो, इथे १६ वर. सांगाडा दगडाला न टेकता इंचभर अंतर सोडून, कारण पावसाळ्यात दगडी भिंत आतून ओल धरते आणि बोर्ड ती ओढून घेतो. खाली-वर चॅनेलच्या मागे रबराची पट्टी. बोर्ड साडेबारा मिलिमीटरचा, पण दुहेरी, आणि दोन थरांचे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. आत रॉकवूल.

"एक बोर्ड पुरतो ना. पार्टिशनला आम्ही एकच मारतो," तो म्हणाला.

पार्टिशनला पुरतो. इथे नाही. स्पीकर वाजला की बोर्डही थरथरतो आणि एक स्क्रू ढिला असला तरी एका ठरावीक स्वराला झिण्ण करतो. रंग लागल्यावर तो स्क्रू शोधत बसण्याइतकं वैतागाचं काम नाही. म्हणून दुहेरी बोर्ड, जवळजवळ स्क्रू आणि प्रत्येक स्पीकरमागे चारही बाजूंनी बंद एमडीएफची पेटी. पेटीत किती हवा हवी ते स्पीकरच्या कागदावर लिहिलेलं असतं, त्यावरून माप काढून दिलं. सगळा सांगाडा मिळून खोलीची सहा इंच लांबी जाते. नानांना ती द्यायची तयारी होती.

बारा

आता स्पीकर. नमुन्याच्या दोन्ही जोड्या चटईवर ठेवल्या. एका खोक्यावर मोठ्या अक्षरांत २०० वॅट, दुसऱ्यावर १००. घरातल्या सगळ्यांचं बोट २०० कडे गेलं.

वॅटचा आकडा म्हणजे स्पीकर किती सोसतो, किती मोठा वाजतो ते नाही. पाहायचा आकडा वेगळा: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. २०० वॅटवाल्याचा ८५ आहे, दुसऱ्याचा ८८. हा तीन डेसिबलचा फरक भरून काढायला ॲम्प्लिफायरला दुप्पट वॅट द्यावे लागतात. आता या खोलीचा हिशेब. सोफा समोरच्या भिंतीपासून १० फुटांवर, म्हणजे तीन मीटर. ८८ वाल्याला २० वॅट दिले की एक मीटरवर १०१ डेसिबल. तीन मीटरवर त्यातले साडेनऊ जातात, खोली थोडे परत देते. नव्वदीच्या वर आवाज सोफ्यावर पोहोचतो. घरात कुणी तेवढा लावत नाही. खोक्यावरच्या २०० मधले बहुतेक वॅट या घराला कधीच लागणार नाहीत.

मग स्पीकरची खोली पाहिली: ८८ वाला चार इंचांच्या आत बसतो. रोध आठ ओहम, साध्या ॲम्प्लिफायरलाही झेपेल. उंच स्वरांचा छोटा स्पीकर बोटाने वळवता येतो, हे मधल्यासाठी फार कामाचं, कारण तो टीव्हीखाली येणार आणि त्याचं तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे वर करावं लागणार. तिन्ही एकाच कुळातले घेतले, नाहीतर डावीकडून उजवीकडे जाणारी गाडी मधेच आवाज बदलते. सबवूफर भिंतीत नको असं मी ठामपणे सांगितलं. तो पेटीतला, जमिनीवर, कोपरा बदलता येईल असा. ३१, ४७ आणि ५६ हर्ट्झची भांडणं जागा बदलूनच मिटवता येतात.

एक

जेवण. बाजरीची भाकरी, मटकी, शेंगदाण्याचा ठेचा. तेवढ्यात वीज गेली, तिच्यावरून अर्थिंगचा विषय निघाला. जुन्या घराचं अर्थिंग नळाच्या पाइपला जोडलेलं होतं. नवा खड्डा घ्या आणि ॲम्प्लिफायरला स्टॅबिलायझर द्या, एवढं सांगून उठलो.

दोन ते साडेचार

वायरिंग. स्पीकरला तांब्याची दोन पदरी, अडीच चौरस मिलिमीटरची. सगळ्यात लांबचा पल्ला १४ मीटरचा, जाऊन-येऊन २८. त्यात जेमतेम ०.२ ओहम जातो, आठ ओहमच्या स्पीकरपुढे ते किरकोळ. दीड चौरस मिलिमीटरची वायरही चालली असती, पण भिंतीत गाडलेलं पुन्हा उकरायचं नसतं. विजेच्या पाइपपासून फूटभर अंतर, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात. टीव्हीकडे एचडीएमआयसाठी जाड पाइप आणि त्यात नायलॉनची दोरी सोडून ठेवली, कारण केबलची जात काही वर्षांनी बदलते. छतात दोन जागी वायर काढून ठेवल्या. डॉल्बी ॲटमॉसचे वरचे स्पीकर आज घ्यायचे नाहीत, पण उद्या हवे झाले तर पीओपी फोडावं लागू नये.

शेवटी प्रत्येक भिंतीचा फोटो, टेप उलगडून ती चौकटीत दिसेल असा. गिलाव्यानंतर खिळा ठोकणाऱ्याला दुसरा आधार नसतो.

पाच

आजींची परीक्षा. परीक्षा स्पीकरची, आजी परीक्षक. नमुन्याचा स्पीकर एका पेटीत बसवून तात्पुरता उभा केला आणि 'सैराट'मधली गाणी लावली. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे अहिल्यानगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकले, म्हणून हा सिनेमा इथे घरचा. आणि तपासणीलाही उत्तम: संगीतकार अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. त्यातली व्हायोलिनं उघडी, एकेक ऐकू येतात. जो स्पीकर ती कोंदट करतो तो परत जातो. हा पास झाला.

मग पेटी डाव्या भिंतीला टेकवली आणि आजींच्या खोलीत गेलो. त्या खाटेवर आडव्या झाल्या.

"उशाला धडधडतंय रे. छातीत येतंय."

पेटी समोरच्या भिंतीपाशी नेली. आवाज तेवढाच ठेवला.

"आता लांब गेलं. गाणं कळतंय, पण धडधड न्हाई."

सूनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सगळं भिंतीतच हवं हा आग्रह त्यांनी स्वतःच सोडला. डाव्या भिंतीवर छोटा टांगता स्पीकर येईल, खाली रबराचे वायसर लावून, आणि ८० हर्ट्झच्या खालचा भाग त्याला द्यायचाच नाही.

साडेसहा

मुलगा पाळीवरून आला. त्याला भिंतीपुढे नेऊन खडूच्या खुणा दाखवल्या: डावा-उजवा एकमेकांपासून नऊ फुटांवर, म्हणजे १० फुटांवरच्या सोफ्यातून मध्यापासून दोन्हीकडे सुमारे २४ अंश. डॉल्बी २२ ते ३० सांगते. उंची बसलेल्या माणसाच्या कानाइतकी. त्याने जमिनीवर सोफ्याच्या जागी बसून पाहिलं आणि खुणा चार बोटं खाली घ्यायला सांगितलं. घरात बैठक ठेंगणी घेणार आहेत. बरोबर होतं, घेतल्या.

नानांनी एकच जादा मागणी केली. दगड झाकला जाणार, तर त्याच्याकडे पाहायला एक झडप ठेवा. मलाही ती हवीच होती. पावसाळ्यानंतर ओल आली का ते त्यातून कळेल. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात फूटभराचं दार धरलं.

साडेसात

गवंडी खुणा समजून घ्यायला आला. समोरच्या दगडावर गिलावा नाही, फक्त दरजा भरायच्या. बाकी भिंतींचा गिलावा, त्याला आठवडाभर पाणी, मग तो पुरता वाळेपर्यंत जिप्सम बोर्ड घरात आणायचा नाही, हे बोर्डवाल्याला फोनवर पुन्हा सांगितलं. स्पीकर सगळ्यात शेवटी, रंगाचा दुसरा हात झाल्यावर. जाळ्या तेवढ्या आधी रंगाऱ्याकडे द्यायच्या आणि त्याने त्या ब्रशने रंगवायच्या नाहीत, पातळ फवारा मारायचा, नाहीतर भोकं बुजतात. ही शेवटची सूचना मी सूनबाईंच्या वहीत लिहून दिली, कारण रंगारी येईल तेव्हा घरात त्याच असतील.