सायकलवरून वऱ्हाड

वऱ्हाडात पाहण्यासारखे आहे तरी काय, असे पुण्या-मुंबईचा पाहुणा विचारतो तेव्हा त्याचे फारसे नवल वाटत नाही. अमरावती-अकोल्याचा रहिवासीच तसे विचारू लागतो, तेव्हा मात्र वाटते. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी सपाट काळी जमीन, तीवर कपाशी आणि तूर, वैशाखात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा पारा, एवढ्यावरच आपण आपल्या प्रांताची ओळख आटोपती घेतो. याचा बराचसा दोष आपल्या प्रवासाच्या साधनांकडे जातो, असे मला वाटते.

जून २०२२ मध्ये अमरावती व अकोला जिल्ह्यांत राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एका पदराचा ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरण्यात आला आणि त्याची नोंद जागतिक विक्रमांत झाली. हे काम कौतुकाचेच होय. या रस्त्याने अमरावतीहून अकोला सुमारे ९५ किलोमीटर पडते, आणि मोटारीला ते दीड-दोन तासांचे काम. परंतु हा रस्ता खोऱ्याच्या सपाटीवरून सरळ धावतो. ज्या ठिकाणी वऱ्हाडचा इतिहास घडला ती बहुतेक ठिकाणे त्याच्या उत्तरेस, आडवाटेला राहून जातात.

ती पाहण्यास सायकल हे फार योग्य वाहन आहे. साधी, गिअर नसलेली काळी सायकलही ताशी बारा ते पंधरा किलोमीटर सहज चालते. म्हणजे थांबत, विचारपूस करीत दिवसाकाठी पन्नास-साठ किलोमीटर होतात. आता जुन्या गावांमधली अंतरे पाहा. अकोल्याहून अकोट सुमारे ४५, अकोटहून अंजनगाव सुर्जी ३०, अंजनगावहून परतवाडा २७, परतवाड्याहून अमरावती ५०. पायी आणि बैलगाडीने फिरणाऱ्या माणसांच्या मुक्कामांचा हा हिशेब आहे, आणि सायकलस्वाराला तो आजही नेमका जुळतो.

दुसरे असे की, सायकलीवर जमिनीचा चढउतार डोळ्यांच्या आधी पायांना कळतो. वऱ्हाडचे तीन पट्टे आहेत. उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग व मेळघाट. मध्ये पूर्णेचे खोरे, म्हणजे पायनघाट. आणि दक्षिणेस पातूर-बार्शीटाकळीकडून चढत जाणारा बालाघाट. किल्ले कोठे बांधले गेले, बाजार कोठे भरला, लढाया कोठे झाल्या, या साऱ्यांचे उत्तर या तीन पट्ट्यांत आहे. ते पुस्तकात वाचता येते. पटते मात्र पायडल मारताना.

पहिला मार्ग सोपा घेऊ. अकोल्याहून पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरांवर बाळापूर आहे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील येथील किल्ला विटांच्या भक्कम बांधणीसाठी प्रसिद्ध असून एलिचपूरचा नबाब इस्माईलखान याने तो १७५७ मध्ये पुरा केला. वाट सपाट असल्यामुळे येथवर येताना श्रम पडत नाहीत, आणि नेमकी हीच गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. डोंगराचे संरक्षण नाही, म्हणून येथे नद्यांचे घेतले; पावसाळ्यात पूर आला की किल्ल्याला पाण्याचा वेढा पडतो. सपाटीवरचा हा प्रदेश फौजांना मोकळा होता. १७२० मध्ये निजाम-उल-मुल्क आणि आलमअलीखान यांची निर्णायक लढाई बाळापूरजवळच झाली. नदीकाठी मिर्झाराजा जयसिंगाच्या नावाने ओळखली जाणारी सुंदर छत्रीही आहे.

दुसरा मार्ग तीन-चार दिवसांचा, आणि माझ्या मते वऱ्हाडातील सर्वांत बोधप्रद. त्याला १८०३ चा मार्ग म्हणावे. अकोल्याहून उत्तरेस निघून गांधीग्रामजवळ पूर्णा ओलांडावी आणि अकोट गाठावे. नदीच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख म्हणजे खारपाणपट्टा. माती काळीभोर आणि खोल, पण विहिरीचे पाणी खारे. अशा पाण्याने पिकाचे भागत नाही आणि माणसाचेही नाही. तहानेने घसा कोरडा पडला असता समोर विहीर असून तिचे पाणी पिता येत नाही, म्हणजे काय, हे मोटारीतल्या माणसाला कळणे कठीण. अकोल्याहूनच पुरेसे पाणी बरोबर घ्यावे.

अकोटच्या पश्चिमेस तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी येथील मोकळ्या रानात आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या व शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. तेथून मागे फिरून अकोट, अंजनगाव, परतवाडा असे डोंगराच्या कडेकडेने पूर्वेस जावे. डाव्या हाताला गाविलगडची रांग सारखी सोबत करते. खारे पाणी मागे पडते, विहिरी गोड लागतात, आणि त्याबरोबर पिके बदलतात. अंजनगावच्या बाजूस पानमळे दिसतात, अचलपूर-परतवाड्याकडे संत्र्यांच्या बागा. एका दिवसात, विशेष चढ न चढता, पाण्यापाठोपाठ शेती कशी बदलते हे पाहावयास मिळते.

परतवाड्याला लागून अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर. इमादशाहीच्या काळात, १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती बुडवीपर्यंत, वऱ्हाडच्या कारभाराचे हे एक मुख्य ठाणे होते. येथून चिखलदरा सुमारे तीस किलोमीटर. धामणगाव गढीपर्यंत वाट सुसह्य आहे; पुढे घाट लागतो. परतवाड्यापासून चिखलदऱ्यापर्यंत सुमारे सातशे मीटर उंची चढावी लागते, आणि तिचा मोठा वाटा घाटातच आहे. गिअर नसेल तर निःसंकोच उतरून सायकल हाती धरून चालावे. त्यात कमीपणा नाही. अकराशे मीटरांवरच्या चिखलदऱ्यात हवा बदलते आणि कॉफीची झाडे दिसतात.

गावापासून दोनेक किलोमीटरांवर गाविलगड. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये तो बांधला आणि पुढे फतहुल्ला इमादुल्मुल्काने डागडुजी केली. दरवाजावर कोरलेला गंडभेरुंड, म्हणजे दोन मस्तकांचा पक्षी, त्याच्याच काळची खूण होय. दक्षिणेकडून पाहिले तर हा गड अजिंक्य वाटतो. मग १५ डिसेंबर १८०३ रोजी तो एका दिवसाच्या हल्ल्यात कसा पडला? घाट चढून आलेल्या सायकलस्वाराला याचे उत्तर सांगावे लागत नाही. दक्षिणेस तुटलेला कडा आहे. उत्तरेस मात्र डोंगराचे पठार गडाच्या तटाला येऊन भिडते. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून वाट काढीत जड तोफा कित्येक दिवस ओढून उत्तरेच्या बाजूस आणल्या. वाट फोडण्याचे खरे काम तेथेच संपले होते. तटाला खिंडार पाडणे हे उरलेले काम. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला.

दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांच्या हातून गेला. ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. म्हणजे अडगावपासून चिखलदऱ्यापर्यंतच्या शंभरेक किलोमीटरांत, सुमारे महिन्याभरात, मराठेशाहीच्या दोन मोठ्या घराण्यांचे भवितव्य ठरले. एवढा इतिहास सायकलीने तीन दिवसांत ओलांडता येतो, आणि आपल्या शाळांच्या सहली मात्र दूरदूर जातात.

ज्यांना आणखी एक दिवस काढता येईल त्यांनी अकोटहून उत्तरेस शहानूरला जाऊन नरनाळा पाहावा. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा, आणि नक्षीकामात तो वऱ्हाडात अजोड आहे. हा गड आता मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या क्षेत्रात येतो. सायकल पायथ्याशी ठेवावी आणि वनखात्याचे नियम काटेकोरपणे पाळावेत.

तिसरा मार्ग कापसाचा. मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर ही गावे ज्या अरुंद रुळांनी जोडली होती त्या गाडीला लोकांनी लाडाने शकुंतला म्हटले. १९१३ मध्ये सुरू झालेली ही सुमारे ७६ किलोमीटरांची वाट कापसाच्या गाठी मुंबईच्या मुख्य मार्गावर आणून सोडण्यासाठी होती. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. आता ती गाडी बंद आहे. वाटेत दर्यापूरजवळ लासूर येथे पूर्णाकाठी आनंदेश्वराचे यादवकालीन शिल्पमंडित दगडी देऊळ आहे. भोवती कोसभर खडा सापडू नये अशा काळ्या मातीत एवढा दगड आणून ते उभारणाऱ्यांच्या चिकाटीचा विचार येथे मनात आल्याशिवाय राहत नाही. पूर्णेवरचे ऋणमोचन हे गाडगेबाबांच्या सेवेचे गाव. त्यांचा जन्म १८७६ मध्ये अंजनगाव तालुक्यातील शेंडगावी झाला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावनजीक, पेढी नदीच्या पुलाशी, त्यांचा देह पडला. परतवाड्याहून अमरावतीस परतताना वलगाव लागते. ज्याने खराटा हाती घेऊन हा मुलूख पायी तुडवला त्याची वाट ताशी शंभराच्या वेगाने ओलांडणे मला तरी बरे वाटत नाही.

पायी पाहिलेली गावे नोंदवून ठेवण्याची परंपराही आपलीच आहे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे काशीक्षेत्र. म्हाइंभटाने लीळाचरित्र सिद्ध केले ते येथेच. त्याच पंथाची स्थानपोथी हा ग्रंथ तर श्रीचक्रधर कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या बाजूस बसले, याची दिशांच्या खुणांसह नोंद देतो. मराठीतील ही फार जुनी प्रवासवही होय. सायकलस्वारानेही खिशात एक वही ठेवावी.

आता थोडे व्यवहाराचे. फिरावयाचे ते दिवाळीनंतर आणि होळीच्या आत. पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण टाळावी; तो चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. वाटेवर बाभूळबन फार, म्हणून जास्तीची ट्यूब, पंप आणि पंक्चरचे सामान अवश्य हवे. महामार्ग टाळून तालुक्याचे रस्ते धरावेत, आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. खर्च फारसा नाही. गावोगावी धर्मशाळा, देवळे आणि मोकळ्या मनाची माणसे आहेत.

हे धाडसाचे काम आहे असेही कोणी समजू नये. १९२३ मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासास निघाले आणि त्यांतील तिघे १९२८ मध्ये तो पुरा करून परतले. तेव्हाच्या सायकली आजच्याहून साध्या होत्या. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ज्या अमरावतीचे नाव १९३६ मध्ये बर्लिनपर्यंत नेले, तेथील तरुणांना चिखलदऱ्याचा घाट जड जाऊ नये.

प्रश्न शरीरबळाचा कमी आणि ओळखीचा अधिक आहे. वऱ्हाडविषयीचे निर्णय आज मुख्यतः नकाशांवरून आणि आकड्यांवरून होतात. खारपाणपट्ट्याचे पाणी, बंद पडलेली शकुंतला, ढासळणारे तट यांविषयी बोलणारे आपण पुष्कळ. ते जवळून पाहिलेले थोडे. जो तरुण अकोल्याहून अकोटपर्यंत खाऱ्या विहिरी मोजीत गेला, त्याच्यापुढे पाण्याच्या योजनेचा कागद आला तर तो निराळ्या डोळ्यांनी वाचील. अशी माणसे प्रत्येक तालुक्यात शंभर निघाली तरी वऱ्हाडचे बोलणे आजच्याहून जबाबदारीचे होईल. त्यासाठी सुट्टीचे चार दिवस आणि घरात धूळ खात पडलेली एक सायकल पुरेशी आहे.