डब्यातील जास्वंद

सुरतेच्या लिंबायत भागात अंगण असलेले घर विरळाच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून यंत्रमागांवर आणि कापड रंगविण्याच्या कारखान्यांत कामासाठी आलेली कुटुंबे येथे दाटीने राहतात. घरापुढे ओट्याएवढी जागा, नाहीतर गच्चीचा एखादा कोपरा. तेवढ्यातही तेलाच्या रिकाम्या डब्यात जास्वंद लावलेली दिसते. गणपतीला तांबडे फूल घरचे असावे, ही हौस गावाकडे मागे राहिलेली नाही. परंतु पुष्कळदा असे घडते, की झाड हिरवेगार उभे असते आणि ऐन भाद्रपदात त्यावर चार फुलेही नसतात.

याचे कारण जास्वंदीच्या वाढीतच आहे. तिची कळी जुन्या लाकडावर येत नाही; नव्या फांदीवर, शेंड्याकडील पानांच्या बगलेत ती धरते. फूल सकाळी उमलते व बहुधा त्याच संध्याकाळी मिटते. म्हणून रोज फूल हवे तर नवे शेंडे पुष्कळ हवेत, आणि त्यासाठी कात्री चालविलीच पाहिजे. देवाच्या झाडाला लोखंड लावावयास हात कचरतो, हे खरे. पण न छाटलेली जास्वंद दोन-तीन उंच काठ्यांनी वर जाते आणि फुले मोजकीच देते. छाटल्यापासून बहर येण्यास साधारणतः दोन ते तीन महिने लागतात. गणेशचतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत येते. तेव्हा मेअखेर किंवा जूनच्या आरंभी प्रत्येक फांदीचा वरचा तिसरा हिस्सा, डोळ्याच्या किंचित वर, उतरवावा. जुलैत जाग येऊन छाटणी केली, तर त्या वर्षीचा गणपती चुकलाच म्हणावयाचा.

दुसरी चूक मातीची. खानदेशातील माणसाचा काळ्या मातीवर विश्वास असतो, आणि शेतात तो योग्यच आहे. डब्यात मात्र ही माती वाळली की आक्रसते, कडेने फट पडते व घातलेले पाणी मुळांना न भिजविता तळातून निघून जाते. पावसात तीच माती चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते. दोन्ही प्रसंगी कळ्या गळतात. यासाठी माती, जाड वाळू आणि कुजलेले शेणखत समभाग घ्यावे, डब्याच्या बुडाला पाच-सहा भोके पाडावीत व डबा विटांवर ठेवावा. मिठी खाडीलगतच्या वस्तीत, जेथे पावसाळ्यात पाणी चढते, तेथे त्या वेळी डबा गच्चीवर हलविणेच बरे. कोवळे पान पिवळे पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर मातीतील चुन्यामुळे मुळांना लोह मिळत नाही, असे समजावे. अशा वेळी चुलीतील राख घालण्याची जी रीत आहे, तिने अपायच होतो. राख क्षारयुक्त असते. चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून द्यावा. ऊन निदान पाच-सहा तास हवे. सावलीत पाने पोसतात, फुले नाहीत.

जास्वंद, भेंडी आणि कापूस ही एकाच कुळातील. त्यामुळे कापूस पिकविलेल्या घराला पिठ्या ढेकूण निराळा ओळखावा लागत नाही. शेंड्यावर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला, की मुंग्यांची रांग कोठून येते ते आधी पाहावे; त्याचा गोड स्राव खाणाऱ्या मुंग्याच त्याची राखण करतात. मऊ साबणाचे पाणी चोळून शेंडे धुवावेत व मुंग्यांची वाट मोडावी.

बागेतील या जास्वंदीला बी क्वचितच धरते. ती फांदीनेच पसरते. गावाकडील परसातून ओल्या फडक्यात गुंडाळून उधना-जळगाव मार्गाच्या गाडीने आणलेली काडी येथे वाढली, तर ते नवे झाड नसून त्या जुन्याच झाडाचा पुढचा भाग असतो. तेव्हा जूनमधील छाटणीच्या फांद्या फेकू नयेत. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांबीच्या काड्या करून, वरची दोन पाने ठेवून, त्या ओलसर वाळूमातीत सावलीला खोचाव्यात. पावसाळी हवेत महिना-दीड महिन्यात मुळे सुटतात, आणि शेजारच्या ओट्यावरील रिकाम्या डब्याची सोय होते.