विश्लेषण : कुत्र्याच्या हृदयाचे ठोके चुकतात, औषध कधी द्यायचे?

न्हावरे परिसराच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर नवा नाही. त्यामुळे वस्तीवरचा कुत्रा इथे हौसेपेक्षा राखणीसाठी असतो. असा कुत्रा भुंकता भुंकता कोसळला आणि मिनिटभरात उठून चालू लागला, तर ‘ऊन लागले असेल’ म्हणून सोडून देऊ नये. हृदयाची लय बिघडल्याचे ते लक्षण असू शकते.

ठोके अनियमित म्हणजे आजारच?

नाही. निरोगी कुत्र्याचे ठोके श्वास घेताना जलद आणि सोडताना संथ होतात. छातीवर हात ठेवला तर लय चुकल्यासारखी वाटते, पण त्याला औषध लागत नाही. शुद्ध हरपणे, लवकर दम लागणे, पोट फुगणे, गाढ झोपेतही मिनिटाला ३० हून अधिक श्वास, ही मात्र काळजीची लक्षणे. डॉबरमन, बॉक्सर या जातींत धोका अधिक. नेमका बिघाड ईसीजीशिवाय कळत नाही.

मग औषधे कोणती?

हृदयाच्या वरच्या कप्प्यांत थरथर असेल (एट्रियल फिब्रिलेशन) तर डिल्टियाझेम आणि डिगॉक्सिन, अनेकदा दोन्ही एकत्र. त्यांनी लय सहसा पूर्ववत होत नाही, वेग आटोक्यात येतो. बिघाड खालच्या कप्प्यांत असेल तर सोटालॉल किंवा मेक्सिलेटिन. तातडीच्या वेळी शिरेतून लिडोकेन. पिमोबेंडानचे नाव बरेच ऐकू येते, पण ते हृदयाचे आकुंचन सुधारते. ते लयीचे औषध नव्हे.

आजोबांची गोळी चालेल का?

यातली बरीच औषधे माणसांचीच असल्याने हा मोह होतो, आणि तोच जिवावर बेततो. १० किलोच्या कुत्र्याला डिगॉक्सिन एका वेळी साधारण ०.०३ ते ०.०५ मिलिग्रॅम लागते. माणसाची नेहमीची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची, म्हणजे किमान पाचपट. मात्रा जास्त झाली की आधी खाणे सुटते, उलट्या होतात. पुढे औषधामुळेच लय बिघडते. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध अंगात साचते. म्हणून रक्ततपासणी टाळू नये, आणि सुरू असलेली गोळी मनाने बंदही करू नये.

दाखवायचे कुठे?

आधी जवळच्या पशुवैद्यकांना. पुढील तपासणीसाठी पुण्यातील मोठे पशुदवाखाने किंवा शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय हे पर्याय आहेत. ईसीजीची सोय फोनवर विचारूनच निघावे. कुत्रा कोसळतो त्या वेळी मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे. हे फेफरे की हृदयाचा बिघाड, हे ओळखायला डॉक्टरांना त्याची मोठी मदत होते.