विश्लेषण : फॅशनचे जग सोडून पेटीपुढे बसलेली निको कोण होती?

पेटी म्हटले की आपल्याला भजन, कीर्तन किंवा नाट्यसंगीत आठवते. पण १९६८ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका रॉक अल्बमचा कणाही हार्मोनियमच होता. ती वाजवत होती एकेकाळची नामांकित जर्मन मॉडेल निको. ज्या सौंदर्यामुळे तिला सारी दारे उघडली, तेच तिच्या संगीताच्या आड कसे आले?

मॉडेलिंगची सुरुवात...

निकोचे खरे नाव क्रिस्टा पेफगेन. तिचा जन्म १६ ऑक्टोबर १९३८ रोजी जर्मनीतील कोलोन शहरात झाला. दुसऱ्या महायुद्धात वडिलांचे छत्र हरपले. किशोरवयातच तिने बर्लिनमध्ये मॉडेलिंग सुरू केले. ‘निको’ हे नाव तिला हर्बर्ट टोबियास या छायाचित्रकाराने दिले. पुढे ती पॅरिसला गेली आणि बड्या फॅशन नियतकालिकांत झळकली. फेडेरिको फेलिनीच्या ‘ला दोल्चे विता’ (१९६०) या गाजलेल्या चित्रपटातही ती दिसली.

गाण्याकडे कशी वळली?

१९६५ मध्ये लंडनमध्ये तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये चित्रकार अँडी वॉरहॉलने तिला ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या बँडशी जोडले. बँडमधील मंडळी याबाबत फारशी उत्साही नव्हती. मार्च १९६७ मध्ये आलेल्या, केळ्याच्या मुखपृष्ठामुळे ओळखल्या जाणाऱ्या अल्बममध्ये ११ पैकी तीनच गाण्यांत तिचा मुख्य आवाज आहे. तेव्हा अल्बम फारसा खपला नाही. २००३ मध्ये मात्र ‘रोलिंग स्टोन’ने सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमच्या यादीत त्याला १३ वे स्थान दिले.

हार्मोनियमच का?

१९६७ मध्येच तिचा ‘चेल्सी गर्ल’ हा पहिला एकल अल्बम आला. त्यातील बहुतेक गाणी इतरांनी लिहिलेली होती. निर्मात्याने त्यांवर चढवलेली बासरी तिला अजिबात आवडली नाही. आवाज तिचा, पण निर्णय दुसऱ्यांचे, अशी स्थिती होती. ‘द डोअर्स’चा गायक जिम मॉरिसन याने तिला स्वतः गाणी लिहिण्याचा आग्रह केला. तिने हार्मोनियम जवळ केली. भात्यावर चालणाऱ्या या वाद्याचा स्वर लांबवत ठेवता येतो. तिच्या खर्जातल्या संथ आवाजाला तो चपखल बसला. सोनेरी केस तिने मेंदीने रंगवले, काळे कपडे घातले. ‘द मार्बल इंडेक्स’ (१९६८) मधील सर्व गाणी तिची स्वतःची होती आणि वाद्यमेळ जॉन केलचा होता. सुंदर मॉडेलकडून गोड गाण्यांची अपेक्षा करणाऱ्यांना हे थंड, गंभीर संगीत पचले नाही. अल्बम चालला नाही.

किंमत काय मोजावी लागली?

हेरॉइनच्या व्यसनाने तिची अनेक वर्षे खाल्ली. १९६२ मध्ये जन्मलेला तिचा मुलगा बराचसा आजीकडे वाढला. पैशांची चणचण कायमची. हार्मोनियम चोरीला गेली तेव्हा नवी घेण्याची ऐपत नव्हती. ती गायिका पॅटी स्मिथने तिला घेऊन दिली. अखेरच्या वर्षांत ती मँचेस्टरमध्ये राहून छोट्या सभागृहांत गात असे. १८ जुलै १९८८ रोजी स्पेनमधील इबिझा बेटावर सायकलवरून जाताना ती कोसळली. मेंदूतील रक्तस्रावाने तिचा मृत्यू झाला, तेव्हा ती ४९ वर्षांची होती. बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड जंगलातील दफनभूमीत आईशेजारी तिला पुरण्यात आले.

आज तिचे महत्त्व काय?

पुढे ‘गॉथ’ म्हणून ओळखल्या गेलेल्या काळोख्या धाटणीच्या रॉक संगीतावर ‘द मार्बल इंडेक्स’चा ठसा मानला जातो. ‘सूझी अँड द बॅनशीज’ या ब्रिटिश बँडने १९७८ मध्येच तिला आपल्या दौऱ्यात सोबत घेतले होते. तिच्या अखेरच्या दिवसांवरील ‘निको, १९८८’ हा चित्रपट २०१७ मध्ये आला. त्यात मॉडेल निको नाही, तर हार्मोनियम घेऊन गावोगाव फिरणारी, थकलेली, तरीही गात राहिलेली निको आहे.