दोन पुरांतून वांचलेलें गाणें

गाणाऱ्याची कीर्ति चहूंकडे होते. परंतु तें गाणें विसरलें जाऊं नये म्हणून झटणाऱ्याचें नांव क्वचितच कोणाच्या कानीं पडतें. अशा एका अमेरिकन दांपत्याची व त्यांच्या छोट्याशा ध्वनिमुद्रिका-संस्थेची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्या गाण्यासाठीं हा खटाटोप झाला त्यास ‘रॉकाबिली’ म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील गोऱ्या खेडुतांचें संगीत आणि तेथील कृष्णवर्णीयांचें ‘ब्लूज’ यांच्या मिलाफांतून तें निपजलें. ‘रॉक’ हा नव्या ठेक्याचा शब्द आणि ‘हिलबिली’ म्हणजे डोंगराळ मुलखांतला खेडवळ, असा हा जोडशब्द आहे. मेंफिस शहरांत सॅम फिलिप्स यांच्या ‘सन’ कंपनीनें जुलै १९५४ मध्यें एल्व्हिस प्रेस्ली या एकोणीस वर्षांच्या तरुणाची पहिली तबकडी बाहेर काढली, आणि पाहतां पाहतां गांवोगांवचीं पोरें गिटार घेऊन पुढें सरसावलीं. एल्व्हिस जगद्विख्यात झाला. बाकीच्यांपैकीं बहुतेकांच्या एकदोन तबकड्या निघाल्या, त्या थोड्याशा खपल्या, आणि ती मंडळी पुन्हां पोटाच्या उद्योगास लागली.

हॅसिल अ‍ॅडकिन्स हा अशांपैकींच एक. १९३७ सालीं वेस्ट व्हर्जिनियांतील कोळशाच्या खाणींच्या मुलखांत गरीब घरीं त्याचा जन्म झाला. लहानपणीं रेडिओवर हँक विल्यम्सचें गाणें लागे, तेव्हां निवेदक एकट्या हँकचेंच नांव सांगे. त्यावरून सगळीं वाद्यें तोच वाजवीत असला पाहिजे, अशी या मुलाची समजूत झाली, असें सांगतात. त्या भाबड्या समजुतीपायीं तो हातांनीं गिटार, पायांनीं ढोल आणि तोंडानें गाणें असें सारें एकट्यानेंच करूं लागला! घरच्या घरीं तो आपलीं गाणीं फितीवर उतरवून ठेवी; पण त्यांना विचारतो कोण? तीं गाणीं रांगडीं, आरडाओरड्याचीं, कित्येकदां बीभत्सहि आहेत. आमच्या कानांस तीं मधुर वाटतील असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि त्यांतला उत्साह उसना नव्हे, हें परक्यासहि कळतें.

न्यूयॉर्कमध्यें बिली मिलर आणि मिरियम लिना हे दोघे ‘किक्स’ नांवाचें एक हौशी नियतकालिक चालवीत असत. अ‍ॅडकिन्सचीं जुनीं गाणीं लोकांस मिळालींच पाहिजेत, या ध्यासानें त्यांनीं १९८६ सालीं ‘नॉर्टन रेकॉर्ड्स’ ही संस्था काढली आणि त्याची ‘आउट टु हंच’ ही तबकडी प्रसिद्ध केली. असें काम दिसतें तितकें सोपें नसतें. मूळ फीत सांपडली तर ठीक. नाहींतर कमींत कमी झिजलेली तबकडी धुंडाळून तिच्यावरून नवी प्रत करावी लागते. हक्क कोणाचे, साथीला कोण होतें, याचा छडा लावावा लागतो. पण फळहि तसेंच मिळालें. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या अ‍ॅडकिन्सला नवा श्रोतृवर्ग लाभला. २००५ मध्यें तो वारला तेव्हां तो अज्ञात राहिला नव्हता.

हा झाला विस्मृतीचा पूर. दुसरा पूर खऱ्या पाण्याचा. २९ ऑक्टोबर २०१२ रोजीं ‘सँडी’ वादळामुळें समुद्र ब्रुकलिनच्या रेड हुक भागांत शिरला आणि नॉर्टनचें गोदाम जलमय झालें. पंचवीस वर्षांचा सांठा पाण्याखालीं! तबकडी व्हिनाइलची असल्यामुळें पाण्यानें सडत नाहीं. पण तिच्या रेघांत गाळ बसतो आणि कागदी वेष्टनें कुजून जातात. बातमी पसरतांच अनेक मंडळी आपण होऊन धांवली. कोणी भिजल्या वेष्टनांतून तबकड्या काढी, कोणी त्या धुई, कोणी पुसून वाळत ठेवी. नुकसान अपार झालें, परंतु संस्था तगली. २०१६ मध्यें बिली मिलर निवर्तले. मिरियमबाईंनीं काम पुढें चालूं ठेवलें.

काय टिकावें हें बाजार ठरवितो, असें आपण सहज बोलून जातों. पण बाजारानें टाकलेलें उचलून जपणारा एखादा वेडा निघाला, तरच पुढील पिढीस निवड करावयाला कांहीं उरतें. आणि त्या वेड्यावर संकट आलें असतां धांवून जाणारे चार हातहि लागतात. आम्हांस या हकीकतींत गाण्यापेक्षां तेच अधिक मोलाचें वाटतें.