काळी एकचा खर्ज आणि फझचं पेडल

गणपतीच्या मिरवणुकीत अंबरनाथच्या शिवमंदिराच्या रस्त्यावर बेंजोची गाडी आली की सगळ्यात आधी कानावर येतो तो फाटलेला आवाज. टेम्पोवरच्या भोंग्यांतून गाण्याची चाल अशी करकरत येते की ताशांच्या कल्लोळातही दोन गल्ल्या पलीकडे गाणं ओळखता येतं. हा बेंजो म्हणजे पिकअप लावलेलं बुलबुल तरंग. तारा बारीक, स्वर वरचे. म्हणून तो फाटला तरी शोभतो, लोक त्यावर जीव टाकून नाचतात.

आता हाच फाटका आवाज खर्जाला दिला तर? गिटारसाठी बनवलेलं फझ किंवा ओव्हरड्राइव्हचं पेडल बेस गिटारला जोडलं तर? अंबरनाथ-उल्हासनगरच्या खोल्यांतून सराव करणारी बँडची पोरं हा प्रयोग हौसेनं करतात. गिटारवाल्या मित्राचं पेडल तासाभरासाठी मागून आणायचं आणि बेसची वायर त्यात खुपसायची. त्या क्षणी त्या छोट्या पत्र्याच्या डबीत जे घडतं, ते कळल्यापासून माझं आश्चर्य ओसरलेलं नाही.

आपल्या कानाच्या ओळखीचा स्वर घेऊ: काळी एक. पुरुष गायकाचा तानपुरा काळी एकमध्ये लावला की त्याच्या खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९.३ वेळा कंप पावते. चार तारांच्या बेस गिटारवर ‘ए’ची तार चौथ्या पडद्यावर दाबा, तिथे नेमका हाच स्वर बसलेला असतो. तानपुऱ्याचा खर्ज आणि रॉकचा बेस, दोघांचं घर एकच.

बेसची तार छेडली की पिकअपमधून विजेची एक बरीचशी गोलसर लाट निघते. पेडल आधी ती लाट प्रचंड मोठी करतं. मग वाटेत डायोड आडवे येतात. सिलिकॉनचा साधा डायोड साधारण ०.६ व्होल्टच्या वर लाटेला जाऊ देत नाही. लाट वर चढायला जाते, तिथेच सपाट होते. खाली उतरायला जाते, तिथेही सपाट. (काही पेडलांत हे काम डायोडऐवजी ट्रान्झिस्टर करतात, परिणाम तोच.) गोल लाट जवळजवळ चौकोनी होते. ओव्हरड्राइव्हमध्ये कडा थोड्या मऊ राहतात, फझमध्ये त्या पार छाटल्या जातात.

फूरिये या फ्रेंच गणितज्ञाचं गणित सांगतं की चौकोनी लाट ही एक लाट नसतेच. तिच्यात मूळ स्वर असतो, त्याच्या तिप्पट कंपनांचा स्वर एक तृतीयांश उंचीने असतो, पाचपट कंपनांचा एक पंचमांश उंचीने, आणि अशी रांग पुढे चालूच राहते. काळी एकच्या खर्जावर हा हिशेब मांडून पाहा. ६९.३ची तिप्पट २०७.९, तो पंचम. पाचपट ३४६.५, तो शुद्ध गंधार. वाजवणाऱ्याने फक्त सा वाजवला आणि डबीतून सा, प, ग तिघे बाहेर आले!

गाण्याच्या बैठकीला गेलेला माणूस इथे चमकून उठेल. हा तर आपला स्वयंभू गंधार. नीट लागलेल्या तानपुऱ्यातून, कोणीही न छेडलेला, आपोआप उमटणारा. आणि तो उमटवण्यासाठी मिरजेचा कारागीर जे करतो ते जवारी लावणं. घोडीचा माथा तो अगदी हलका उतार देऊन घासतो. तार त्या उतारावर मोकळी थरथरत नाही. दर झोक्याला ती घोडीला चाटून जाते. तारेखाली सुती दोरा सरकवत सरकवत तो अशी जागा शोधतो, जिथे तार एकदम खुलते. दोरा केसभर सरकला की झंकार गेला. या टेकण्या-सुटण्यात तारेचं सरळसाधं कंपन मोडतं आणि त्यातून वरचे स्वर जन्माला येतात. पेडलमध्ये लाटेला डायोड आडवा येतो, तानपुऱ्यात तारेला घोडी आडवी येते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, तेव्हा त्यांना हेच अचंब्याचं वाटलं. साध्या तारेचा नियम असा की ती ज्या जागी छेडावी, तिथे जे उपस्वर निश्चल असतात ते ऐकूच येऊ नयेत. तानपुऱ्यात तेसुद्धा ठणठणीत ऐकू येत होते.

हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तंतुवाद्यं घडवण्याची ही कला उभी केली. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. माझं ठाम मत आहे की खर्जाला झंकार कसा द्यावा हे ज्या प्रदेशाला दीडशेहून अधिक वर्षं हातानं ठाऊक आहे, तिथल्या बेसवाल्यानं फझला परकं मानू नये.

फझचा जन्मही खर्जातूनच झाला, हे गिटारवाल्यांना सहसा माहीत नसतं. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनने वाजवलेला तुकडा फाटून घोंगावत उमटला. मार्टिनच्या हातात होती सहा तारांची बेस गिटार. १९६१ मध्ये गाणं आलं, गाजलं, आणि तो बिघाड मुद्दाम घडवता यावा म्हणून ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी सर्किट बांधलं. तेच १९६२ मध्ये मायस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आलं. १९६५ मध्ये बीटल्सच्या ‘थिंक फॉर युअरसेल्फ’मध्ये पॉल मॅकार्टनीने फझ लावून बेस वाजवला. पुढे मेटॅलिकाच्या क्लिफ बर्टनने बिग मफ पेडल घेऊन बेसवर अख्खा एकल तुकडा उभा केला.

मग अडचण कुठे येते? पेडल जोडलं की बेस करकरतो खरा, पण पोटातला आवाज नाहीसा होतो. कारण ती डबी गिटारच्या मापाने शिवलेली असते. आयबानेझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर घ्या. त्यात डायोडच्या टप्प्यावर एक रोध आणि एक कपॅसिटर असे बसवलेत की साधारण ७२० हर्ट्झच्या खालचे स्वर जसजसे खाली जातील तसतसे कमी वाढवले जातात. गिटारचा आवाज घट्ट राहावा म्हणून केलेली ही सोय आहे. बेसचा मूळ स्वर मात्र ६९ला, म्हणजे त्या रेषेच्या फारच खाली. पेडल वरच्या स्वरांना खांद्यावर घेतं आणि खर्ज जमिनीवरच राहतो.

उपाय सोपा आहे आणि मला तो फार सुंदर वाटतो. आवाजाच्या दोन वाटा करायच्या. एक पेडलमधून जाऊन फाटते, दुसरी स्वच्छ राहते, आणि पुढे दोन्ही एकत्र मिसळतात. बेससाठीच्या अनेक पेडलांवर यासाठी ‘ब्लेंड’चा नॉब असतो, गिटारच्या पेडलला वेगळी मिसळणारी डबी लावावी लागते. एकच काळजी घ्यायची: काही पेडलं लाट उलटी करतात. अशी उलटी लाट स्वच्छ लाटेत मिसळली की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि बेस आणखीच बारीक होतो.

दोन स्वर एकदम वाजवणार असाल तर जपून. सा आणि पंचम एकत्र फाटले की त्यांच्या कंपनांतल्या फरकातून आणखी खालचा सा तयार होतो आणि भिंती हलतात. सा आणि लगतचा गंधार मात्र खाली एकत्र फाटले की नुसता गाळ होतो. आणि गाणं कोमल गंधाराचं असेल, तर फझमधला शुद्ध गंधार गिटारच्या मायनर कॉर्डशी भांडत राहतो. तिथे फझ कमी करावा.

सगळ्यात मोठं नवल आपल्या कानात आहे. मोबाइलचा एवढासा स्पीकर ६९ हर्ट्झ देऊच शकत नाही. स्वच्छ बेस त्यावर जवळपास गायब होतो. पण फाटलेला बेस ऐका: वरचे स्वर मूळ स्वराच्या ठरावीक पटींत ओळीने येतात आणि मेंदू त्या मांडणीवरून न वाजलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. स्पीकरमध्ये नसलेला खर्ज आपल्याला ऐकू येतो.

हे वाचून पटायचं नाही. एखाद्या बेसवाल्या मित्राला गाठा, ‘ए’ची तार चौथ्या पडद्यावर वाजवायला सांगा, एकदा स्वच्छ आणि एकदा फझ लावून. दोन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मोबाइलच्याच स्पीकरवर ऐका. शेजारी काळी एकचा तानपुरा लावलात तर गंधार सापडायला वेळ लागणार नाही.