मित्राचे गुपित आणि नदीचे पाणी

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरात येते. २०१४ साली या नदीत टँकरमधून रसायन ओतले गेले, विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरातील अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. अशा वेळी आम्हा कामगार चळवळीतील मंडळींना एक गोष्ट विसरता येत नाही. टँकर चालविणारा हातही कामगाराचाच असतो.

समजा, बदलापुरात दोन जिवलग मित्र आहेत. एक कारखान्यात फिटर, दुसरा टँकरचालक. चालक एके दिवशी सांगून टाकतो, "रात्री माल नदीत सोडतो. कुणाला बोलू नकोस." फिटरने काय करावे?

माणसाची नीतिबुद्धी कशी वाढते, याचा शोध स्वित्झर्लंडच्या झां पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांना खेळाचे नियम विचारून घेतला. त्यांचा ग्रंथ १९३२ सालचा. लहान मूल नियम अढळ मानते. पुढे खेळगड्यांच्या संमतीने तो बदलता येतो, हे त्याला उमगते. हाच धागा अमेरिकेच्या लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९५८ साली पुढे नेला आणि सहा पायऱ्या मांडल्या. माणूस काय ठरवतो यापेक्षा का ठरवतो हे पाहावे, असे त्यांचे सांगणे.

आपल्या फिटरला या पायऱ्यांवर उभा करू. "बोललो तर मालक मलाच काढील," ही पहिली, शिक्षेच्या भीतीची. "पोरीच्या आजारपणात त्याने पैसे दिले होते," ही दुसरी, देवाणघेवाणीची. "दोस्ताचा घात केला असे सारी चाळ म्हणेल," ही तिसरी, चारचौघांत चांगले ठरण्याची. "१९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा मोडला जात आहे," ही चौथी. "ज्यांच्या जिवासाठी कायदा केला, ती नदीकाठची माणसे माझ्या गप्प बसण्याला संमती देतील काय?" ही पाचवी. सहावी सर्व मानवजातीला लागू पडणाऱ्या तत्त्वाची. तिच्यावर उभी असलेली माणसे खुद्द कोहलबर्ग यांनाही फारशी सापडली नाहीत.

कॅरल गिलिगन या विदुषींनी १९८२ साली या मांडणीवर आक्षेप घेतला. कोहलबर्ग यांच्या मूळ पाहणीत सारे मुलगेच होते, आणि न्यायाच्या तराजूत नात्याचे, काळजीचे वजन धरलेच नव्हते. कुणालाही एकटे न टाकता इजा कशी टळेल, हाही नीतीचाच प्रश्न आहे, असे त्यांनी दाखविले.

आम्हांला दोघांचेही पटते. फिटरने आधी मित्राकडेच जावे आणि म्हणावे, "हे थांबलेच पाहिजे. युनियनकडे चल, मी सोबत येतो." तक्रारीत टँकर भरून देणाऱ्या मालकाचे नाव पहिले यावे, चालक तुरुंगात आणि मालक मोकळा, हा न्याय नव्हे. मित्राने ऐकले नाही, तर त्याला सांगूनसवरून तक्रार करावी, पण करावीच.

सभेत पाचव्या पायरीवरून बोलणारा माणूस नोकरीवर बेतले की पहिलीवर उतरतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. यात त्याची बुद्धी कमी पडत नाही. तो एकटा पडतो. संघटना हवी ती यासाठी. आणि दोघांच्या दोस्तीची किंमत नदीकाठी झोपलेल्या लेकराने का द्यावी?